टेकूच्या अलीकडं आणि पलीकडं

माझी बायको गेली त्याला पाच महिने झाले. भेटायला येणारे म्हणतात, दिवस जातील तसं हलकं होईल. मी चाळीस वर्षं मापाडी होतो. सिल्लोडच्या मोंढ्यात कापूस, मका, जे येईल ते काट्यावर तोलून दिलं. हलकं काय आणि जड काय हे मला कुणी सांगू नये. पाच महिन्यांत गुंजभर हलकं झालेलं नाही, आणि व्हावं असं मला वाटतही नाही.

हे लिहितोय ते मात्र दुःखाबद्दल नाही. गणिताबद्दल आहे. चौथी शिकलेल्या म्हाताऱ्यानं गणितावर लिहावं याचं कुणाला हसू येत असेल तर खुशाल हसावं.

मुलाला वाळूजला कंपनीत नोकरी लागली, त्यानं पुंडलिकनगरात दोन खोल्या आणि हॉल असं घर घेतलं आणि आम्हा दोघांना सिल्लोडहून इथं आणलं. त्याला एकच मुलगी. आता ती अकरावीत आहे, सायन्सला. तिला इंजिनिअर व्हायचंय. कशाची इंजिनिअर ते मला तिनं दोनदा सांगितलं, माझ्या ध्यानात राहत नाही. ध्यानात राहिलं ते एवढंच, की त्याला गणित लागतं. गणित सुटलं की ते दार बंद.

ही पोरगी अभ्यास करायची ती माझ्या बायकोसमोर. बायकोला वाचता यायचं देवळावरची पाटी वाचण्यापुरतं. ती पुढ्यात ताट घेऊन डाळ निवडत बसायची आणि पोरगी समोर वही घेऊन. पोरगी एखादं गणित सोडवायची, की बायको वर न बघता विचारायची, "म्हंजे काय?"

"म्हणजे असं आजी, की हे इकडचं तिकडं नेलं."

"कशापायी नेलं? तिथं त्याचं काय अडलं होतं?"

पोरगी चिडायची. "आजी, तुला नाही कळायचं ते."

"मला नाय कळलं तर तुला कळलं असं मी कशावरून समजू?"

मग पोरगी पहिल्यापासून सांगायची. सांगता सांगता स्वतःच मध्ये थांबायची, जीभ चावायची आणि मागं जाऊन काहीतरी खोडायची. मी पलीकडं खाटेवर पडून हे ऐकायचो आणि मला वाटायचं, म्हातारी उगाच पोरीचा वेळ खाते.

पुढं बायको दवाखान्यात पडली. अडीच महिने. पोरगी कॉलेजातून थेट तिकडं यायची. नंतर ते सगळं संपलं, दिवस झाले, पाहुणे गेले, आणि कॉलेजात परीक्षा झाली. पोरीला गणितात पंचवीसपैकी पाच मिळाले. त्यातही एक मार्क नाव नीट लिहिल्याचा असावा.

ज्या क्लासला ती जायची तिथल्या सरांनी मुलाला बोलावून घेतलं. मीही गेलो, कारण मला घरी बसून राहण्याचा कंटाळा आला होता. सर तरणेच होते. त्यांनी पेपर चाळला आणि विचारलं, "घरी कोण शिकलेलं आहे?"

मुलगा म्हणाला, "मी बारावी."

"गणितात किती होते?"

मुलगा बारावीला गणितात दोनदा बसला आणि दोनदा गेला. त्यानंतर त्यानं शाळेच्या रस्त्यानं जाणंच सोडलं. हे मला माहीत आहे, कारण दोन्ही वेळा निकाल आणायला मी गेलो होतो.

सर म्हणाले, "बघा, काही घरांत ते वातावरणच नसतं. तिला झेपणार नाही. विषय बदलून घ्या. गणिताच्या जागी भूगोल. कॉलेजात या सोमवारपर्यंत मुदत आहे."

मी म्हणालो, "तुमच्या घरी कोण शिकलेलं होतं?"

सरांनी माझ्याकडं बघितलंच नाही. मुलानं माझा दंड धरून मला बाहेर आणलं. रस्त्यावर आल्यावर म्हणाला, "अण्णा, कुठं काय बोलावं याला काही धरबंध हाय का नाही?"

"त्यानं विचारलं, मी विचारलं."

"तिला भूगोल घेऊ द्या. निदान पास होईल. मी भोगलंय ते तिनं नाही भोगायचं."

त्याचं बोलणं रागाचं नव्हतं, भ्यालेल्या माणसाचं होतं. म्हणून मी त्या वेळी गप्प बसलो. पण अर्ज घरी आला, त्यावर त्यानं सही करून तो टीव्हीखाली ठेवला, तेव्हा मी ठरवलं की हा कागद सोमवारी जाऊ द्यायचा नाही. दिवस गुरुवारचा होता.

शुक्रवारी दुपारी मी पोरीसमोर जाऊन बसलो. डाळीचं ताट घेतलं नाही. ते मला येत नाही आणि ती जागा मला घ्यायची नव्हती. नुसताच बसलो.

"दाखव काय चुकलं ते."

"आबा, राहू द्या ना."

"दाखव."

तिनं पेपर काढला. तांबड्या शाईची फुली असलेलं पहिलंच गणित. तिनं मला वाचून दाखवलं. "एक भागिले, एक्स वजा तीन. एक्स तीनच्या जवळ जातोय."

"कुणी धाडलं त्याला?"

ती हसली नाही. "जातोय असं धरायचं. उजवीकडून जवळ गेला तर उत्तर कुठं जातं, डावीकडून गेला तर कुठं जातं, ते विचारलंय. याला लिमिट म्हणतात. मराठीत सीमा."

"तू काय लिहिलंस?"

"मी एक्सच्या जागी तीन घातले. तीनातून तीन गेले, खाली शून्य आलं. एक भागिले शून्य, म्हणून लिहिलं अनंत. दोन्हीकडं अनंत. सरांनी फुली मारली. शून्यानं भागत नाहीत."

"का नाही भागत?"

"नाही भागत. नियम आहे."

"म्हंजे काय?"

हे माझ्या तोंडून कसं गेलं मला कळलं नाही. पोरगी एकदम थांबली. मग वही बंद करून उठली आणि आत गेली. मला वाटलं, झालं, जे व्हायला नको होतं तेच मी केलं. घराबाहेर चपला घालून उभा राहिलो, कुठं जायचं ते सुचेना म्हणून परत आलो. ती तोंड धुऊन येऊन बसली होती. वही उघडी.

"सांगते," ती म्हणाली. "पण मलाच येत नाही, तर काय सांगू?"

"जेवढं येतं तेवढं सांग."

मग आम्ही दोघांनी ते ढेकूळ फोडायला घेतलं. मी म्हणालो, एक किलो साखर आहे. शंभर शंभर ग्रॅमच्या पुड्या बांधल्या तर किती? दहा. दहा ग्रॅमच्या? शंभर. एका ग्रॅमच्या? हजार. पुडी जेवढी बारीक तेवढ्या पुड्या जास्त, आणि माणूस बांधत बसला तर कुठं थांबावं लागेल असं नाही. पण पुडीत काहीच घालायचं नाही म्हटलं तर? रिकामे कागद कितीही गुंडाळा, साखर जागची हलत नाही. म्हणजे त्या प्रश्नाला उत्तरच नाही. मोठं उत्तर आहे असं नव्हे, उत्तरच नाही.

पोरीनं डोळे बारीक केले. तिनं वहीत लिहिलं, तीन पॉइंट एक, मग तीन पॉइंट शून्य एक, मग आणखी एक शून्य. उत्तरं आली दहा, शंभर, हजार. "हे तुमच्या साखरेसारखंच आहे, आबा. उजवीकडून."

"मग झालं की."

"नाही झालं. डावीकडून बघा. दोन पॉइंट नऊ. त्यातून तीन गेले तर वजा शून्य पॉइंट एक. वजा शंभर ग्रॅमची पुडी कशी बांधायची?"

मला बांधता येईना. ती रात्र आणि शनिवारची सकाळ मी त्या वजा पुडीवर घालवली. घरात कुणाशी बोललो नाही. सुनेला वाटलं मला बायकोची आठवण येतेय, तिनं मला न विचारता दोनदा चहा दिला. आठवण तर येतच असते. पण त्या सकाळी डोक्यात वजा शंभर ग्रॅम होते, आणि खरं सांगायचं तर त्याचं मला बरं वाटलं. गणिताला माझ्या दुःखाशी काही देणंघेणं नव्हतं. ते सांत्वन करत नव्हतं. सुटत नव्हतं तर नव्हतं.

मला काट्याचं काम शिकवणारे उस्ताद सिल्लोडचेच. मोंढ्यातले सगळे काटे त्यांच्या हातून दुरुस्त व्हायचे. एकदा मी घाईत माल टोकाच्या कडीला न अडकवता मधल्या दोरीजवळ अडकवला होता. ते लांबून ओरडले होते, "बीच के कने नक्को लटकाव, काटा बहरा हो जाता." मध्याजवळ टांगलं की काटा बहिरा होतो. एवढं एक वाक्य मला शनिवारी अकराच्या सुमाराला आठवलं आणि मी उठून हॉलमधल्या पडद्याचा लाकडी दांडा काढला.

सून म्हणाली, "मामा, तो पडद्याचा दांडा आहे."

"आता काट्याचा हाय."

दांड्याच्या बरोबर मध्ये सुतळी बांधली आणि तो खिडकीच्या गजाला टांगला. तो सुतळीचा बिंदू म्हणजे टेकू. एक बाजू जरा खाली जात होती, तिकडून थोडं लाकूड तासलं. रिकाम्या काट्यातल्या असल्या फरकाला आम्ही पासंग म्हणतो, आणि पासंग न काढता तोलणारा मापाडी चोर असतो. मग कानशीनं खाचा पाडल्या. मध्यावर एक, आणि तिथून दोन्हीकडं दोन दोन बोटांच्या अंतरावर. माझी जुनी लोखंडी वजनं खाटेखाली पेटीत होती. मुलगा ती भंगारात घालायला निघाला होता, मी घालू दिली नव्हती.

पोरीला बोलावलं. "बघ आता. डावीकडं बाराव्या खाचेला शंभर ग्रॅम टांगतो. टोकाची खाच मोकळी ठेवतो, तिथून वजन निसटतं. आता उजवीकडं बाराव्या खाचेला किती लागतील?"

"शंभर."

टांगले. दांडा आडवा. मी तिच्याकडं अशा तोऱ्यानं बघितलं की जणू दांड्याचा शोध मीच लावला.

"आता सहाव्या खाचेला?"

तिनं क्षणभर विचार केला. "अर्ध्यावर आलो, तर दुप्पट. दोनशे."

दोनशे टांगले. दांडा आडवा होईना. वीस ग्रॅमचं पितळी वजन आणखी घातलं, तेव्हा झाला.

"हवा असंल," मी म्हणालो. "तिसऱ्या खाचेला?"

"चौपट, चारशे."

चारशे घातले, दांडा डावीकडं झुकलेलाच. पाचशे घातले, तरी झुकलेला. साडेपाचशेला सरळ झाला. आता ही काही हवा नव्हती. मी पासंग पुन्हा तपासला, सुतळी पुन्हा बांधली, लाकडाला शिव्या घातल्या. पोरगी मात्र खिडकीजवळ उभी राहून खाचांकडं बघत होती.

"आबा, टोकाला चूक नव्हती. मध्ये वीस ग्रॅमची होती. टेकूजवळ आलो तर दीडशेची झाली. म्हणजे चूक टेकूजवळ आहे. तुम्ही खाचा मोजायला सुरुवात कुठून केली?"

"टेकूपासून. दुसरीकडून कुठून करतात?"

"मोजून दाखवा."

मी मधल्या खाचेवर बोट ठेवलं. "लाभ. दोन. तीन. चार..."

"थांबा. लाभ म्हणजे?"

"लाभ म्हंजे लाभ. पहिलं माप."

मोंढ्यात मापाडी पहिल्या मापाला एक म्हणत नाही. लाभ म्हणतो, मग दोन, तीन. एक म्हटलं की माल एकवरच अडकतो असं जुने लोक मानायचे. चाळीस वर्षं मी तसंच मोजलं आणि हाताखाली जे पहिलं येईल ते लाभ, ही सवय हाडात गेली. इथं हाताखाली पहिली आली ती टेकूची खाच.

"टेकूच लाभ धरला तुम्ही," पोरगी म्हणाली. "टेकूपासून टेकूचं अंतर एक कसं असेल? तिथं शून्य पाहिजे. तुमची बारावी खरी अकरावी आहे. तिसरी खरी दुसरी आहे."

"शून्य माप कुणी मोजतं व्हय?"

"मोजत नाही, तरी तिथूनच सुरू होतं."

मी वाद घातला. दहा मिनिटं घातला. मापाड्याला मोजणी चुकली म्हणणं म्हणजे काय असतं ते मोंढ्यात विचारा. पण तिनं माझ्या हातून वजन घेतलं, डावीकडचे शंभर ग्रॅम टोकाच्या मोकळ्या खाचेला सुतळीनं आवळून बांधले, खडूनं नवे आकडे लिहिले, टेकूवर शून्य घातलं, आणि एकेक करून टांगत गेली. बारावर शंभर. सहावर दोनशे. चारवर तीनशे. तीनवर चारशे. दोनवर सहाशे. एकवर बाराशे. दर वेळी दांडा आडवा, पाण्यासारखा. पाच मार्क पडलेल्या पोरीनं चाळीस वर्षांच्या मापाड्याची चूक काढली होती आणि मी तिला शाबासकी दिली नाही. माझा चेहरा पडला होता. ते मी इथं लिहून ठेवतो.

"आता अर्ध्या खाचेवर?" मी विचारलं.

"चोवीसशे. पाव खाचेवर अठ्ठेचाळीसशे."

"आणि अजून जवळ?"

"तुम्ही कितीही मोठं वजन सांगा, मी त्याच्यासाठी टेकूजवळ जागा काढून देते." मग ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली, "अनंत म्हणजे हे. तो आकडा नाहीच. कुठलाही आकडा सांगितला तरी त्याच्या पुढं जाता येतं, एवढंच त्याचं म्हणणं."

"आणि बरोबर टेकूवर?"

तिनं डावीकडचे शंभर ग्रॅम तसेच ठेवून बाकी सगळी वजनं पिशवीत भरून पिशवी टेकूलाच टांगली. खिडकीचा गज कुरकुरला. दांडा डावीकडं झुकला तो झुकलेलाच. इथं पोतं टांगलं असतं तरी त्याला पत्ता लागला नसता. बहिरा, उस्ताद म्हणायचे तसा.

"आता तुमची वजा पुडी," ती म्हणाली. "टेकूच्या पलीकडं जाऊ. ज्या बाजूला शंभर ग्रॅम आहेत त्याच बाजूला."

तिकडं काही टांगलं तर दांडा आणखीच खाली जातो. मग सरळ करायचा कसा? मी पेटीतून हातात धरायचा स्प्रिंगचा काटा काढला, त्याचा आकडा दांड्यात अडकवला आणि वर ओढलं. सहाव्या खाचेला दोनशे ग्रॅमनं उचलावं लागलं. तिसऱ्याला चारशे. पहिल्याला बाराशे. जितकं टेकूजवळ तितकं जोरानं उचला.

"टांगणं म्हणजे अधिक," पोरगी म्हणाली, "उचलणं म्हणजे वजा. उजवीकडून टेकूकडं आलं की टांगायचं वजन वाढत जातं, संपत नाही. डावीकडून आलं की उचलायचं वाढत जातं, संपत नाही. दोन बाजूंचं एकमेकांशी जमतच नाही, म्हणून टेकूवर सीमा नाही. माझ्या गणितात टेकू तीनवर आहे, बाकी सगळं हेच. मी टेकूवर जाऊन बसले आणि तिथून उत्तर मागत बसले."

ती वही घेऊन बसली. उजवीकडून अधिक अनंत, डावीकडून वजा अनंत. पुढची पाच गणितं तिनं न थांबता केली. दर गणिताला मी काय विचारायचो ते वाचणाऱ्याला कळलं असेल. सहाव्या गणिताला ती अडली, तेव्हा मी काही बोललो नाही, तिनंच स्वतःला विचारलं.

रविवारी आमच्याकडं पाण्याचा दिवस होता. नळ येतो तोवर घरातलं कुणी दुसरं काही करत नाही, ड्रम भरतात. मुलगा पाइप धरून उभा होता, तेव्हा मी त्याला म्हणालो, "उद्या अर्ज द्यायचा नाही."

"अण्णा, मी दांडा बघितला. छान आहे. पण परीक्षेत तो टांगू देणार आहेत का?"

"तिला आता दांडा लागत नाही."

"एक गणित आलं म्हणजे विषय आला?"

"तुला एक तरी आलं होतं का?"

हे मी बोलायला नको होतं. त्याच्या हातातला पाइप ड्रमातून बाहेर आला, पाणी पायावर पडलं. त्यानं पाइप परत ड्रमात घातला. मग म्हणाला, "मला कुणी दांडा टांगून दाखवला नव्हता."

त्याचं बरोबर होतं. तो बारावीला होता तेव्हा मी मोंढ्यात होतो. निकाल आणायला गेलो, त्याच्या अभ्यासाला एकदाही बसलो नाही. मी त्याला म्हणालो, "व्हय, ती माझी चूक. पण म्हणून हिचं काढून घेऊ नको."

"मी सही मागं घेणार नाही आणि अडवणारही नाही. तुम्ही जा. जे होईल ते तुमच्यावर."

"माझ्यावर."

सोमवारी मी आणि पोरगी कॉलेजात गेलो. सहीचा अर्ज माझ्या खिशात होता, चार घड्या घालून. गणिताच्या मॅडम चाळिशीच्या, चष्मा डोक्यावर. मी सांगितलं, आम्हाला विषय बदलायचा नाही. त्यांनी यादी बघितली. "पाच मार्क आहेत. असं असलं तर पालकांचं हमीपत्र लागतं, की आम्ही समजून उमजून विषय ठेवतोय."

"द्या, करतो सही."

"तुम्ही पालक?"

"आजोबा."

"शिक्षण?"

"चौथी. त्या पलीकडचा हिशेब मोंढ्यानं शिकवला."

मॅडमनी पेपर मागून घेतला, ते फुलीचं गणित बघितलं आणि पोरीला म्हणाल्या, "हे आता येतं?" पोरीनं उभ्या उभ्या सांगितलं. मॅडमनी चष्मा डोळ्यांवर घेतला. मग त्याच गणितात खालच्या एक्स वजा तीनच्या डोक्यावर बारीक दोन लिहिला. "आता सांग. वर्ग केला."

पोरीचा अंगठा वहीच्या कडेवर फिरत होता. मॅडम माझ्याकडं बघायला लागल्या, जसं क्लासच्या सरांनी बघायला हवं होतं.

मी म्हणालो, "थांबा जरा. काटा थरथरतोय तवर वजन वाचत नसतात."

तिचा अंगठा थांबला. मग पोरगी म्हणाली, "उजवीकडून अधिक अनंत. डावीकडूनसुद्धा अधिकच. कारण डावीकडं खाली वजा येतं, पण वजाचा वर्ग अधिक. या वेळी दोन्ही बाजू एकाच दिशेला जातात."

"आणि तीनवर?"

"तीनवर काहीच नाही. तीनवर भागताच येत नाही."

मॅडमनी हमीपत्र पुढं सरकवलं. मी सही केली. माझी सही लांबलचक आहे, वळणं वळणं घेत जाते, मी तिला घाई करत नाही. खिशातला अर्ज काढून तो तिथंच टेबलाखालच्या टोपलीत टाकला. मॅडम म्हणाल्या, "पुढच्या परीक्षेत नापास झाली तर?"

"तर पुन्हा बसंल. मुदत विषय सोडणाऱ्यांना असते, शिकणाऱ्यांना नाही."

त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी पोरीला सांगितलं की काही अडलं तर दुपारी डिपार्टमेंटला यायचं.

परत येताना रिक्षात आमच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, मांडीवर मेथीच्या जुड्या. मी पोरीला म्हणालो, "ते वर्गाचं मला पटलं नाही. डावीकडं तर उचलावं लागतं. उचलण्याला उचलण्यानं गुणलं की टांगणं कसं होईल? असला काटा जगात नाही."

"काटा नाही आबा. पण कागदावर आहे. तिथं दोन्हीकडून वरच जातं."

"मग कागद चुकला."

"कागद नाही चुकला. तुमचा दांडा याला पुरत नाही."

बाई मेथी सावरत म्हणाल्या, "म्हणजे दोन्हीकडून वरच जातं का गं ते?"

"हो काकू."

"असंल की मग. डोंगराच्या दोन्ही वाटा वरच जातात."

"माझं अजून पटलेलं नाही," मी म्हणालो. पोरीनं मांडीवर वही उघडली, पेन काढलं आणि रिक्षा गचके खात असताना माझ्यासाठी पहिल्यापासून मांडायला लागली. घर आलं तरी मला पटलं नव्हतं. जिना चढताना ती म्हणाली, उद्या दुसऱ्या पद्धतीनं सांगते.